समुद्राला परसदार नसतं: बार्बाडोसमधले सहा दिवस

परत येऊन तीन आठवडे झाले, फोटो सगळ्यांना पाठवून झाले, आणि प्रत्येकाचा एकच प्रश्न, बीच कसे आहेत, पोहता येतं का. त्याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही म्हणून सगळं नीट लिहून काढतेय. आम्ही चौघं गेलो होतो, मी, नवरा, अकरा वर्षांची लेक आणि रत्नागिरीहून आमच्याकडे टोरांटोला आलेली माझी आई. जूनमध्ये आपण टी-ट्वेंटी वर्ल्ड कप बार्बाडोसला जिंकलो ना, त्याच वर्षीचा नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा.

सोमवार

टोरांटोहून थेट विमान आहे, पाचेक तास लागतात. आईच्या भारतीय पासपोर्टला व्हिसा लागत नाही, फक्त ऑनलाइन फॉर्म आधी भरून ठेवा. विमानतळाबाहेर आलो तर अंगावर तोच दमट गरम वारा, आई म्हणाली अगो हे तर आपलंच.

गेस्टहाऊस दक्षिण किनाऱ्यावर वर्दिंगला घेतलं होतं. मालकीणबाई सत्तरीच्या असतील, एकदम ताठ, आवाज खणखणीत. चावी देण्याआधी त्यांनी नवऱ्याच्या हाफ पँटकडे बोट केलं. ती मिलिटरी डिझाइनची होती, हिरवी-तपकिरी ठिपक्यांची. ही आत्ता बदला, म्हणाल्या, इथे सैनिकांशिवाय कोणी असलं कापड घातलं तर तो कायद्याने गुन्हा आहे, लहान मुलांनासुद्धा सूट नाही. आम्हाला अजिबात माहीत नव्हतं. तर पहिली टीप हीच, तसल्या डिझाइनची टोपी, बॅग, काहीही नेऊ नका.

मग अंगणात बसवून त्यांनी आम्हाला बेट समजावून सांगितलं. साधारण ३४ किलोमीटर लांब आणि २३ रुंद एवढंच बेट, पण समुद्र तीन प्रकारचा. पश्चिमेला कॅरिबियन समुद्र, बहुतेक वेळा तळ्यासारखा शांत. पूर्वेला सरळ अटलांटिक, मध्ये कुठे जमीन नाही, थेट आफ्रिका, त्यामुळे सगळा जोर तिथे येऊन आपटतो. आणि दक्षिण, म्हणजे आम्ही उतरलो तो भाग, दोन्हींच्या मधला, एक दिवस गोड आणि दुसऱ्या दिवशी ओळख न देणारा. शेवटी म्हणाल्या, आमच्यात म्हण आहे, समुद्राला मागचं दार नसतं. आईला मी भाषांतर करून सांगितलं तर ती लगेच म्हणाली, खरंय, परसदार नसतं त्याला. पुढचे पाच दिवस ते वाक्य माझ्या डोक्यात फिरत राहिलं.

अंगणात मोठ्या कातरलेल्या पानांचं झाड होतं आणि आईने ते बघताच टाळीच वाजवली, नीरफणस! इथे त्याला ब्रेडफ्रूट म्हणतात, भाजून, उकडून, कुस्करून, सगळ्या प्रकारे खातात. आईने हातवारे करून त्यांना काप कसे करतात ते सांगितलं, तांदळाचं पीठ आणि तिखट लावून, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या दोघींनी खरंच काप तळले.

मंगळवार

पहिलं पोहणं ब्रिजटाउनला लागून असलेल्या कार्लाइल बेमध्ये. ज्यांच्यासोबत लहान मुलं किंवा वयस्कर माणसं आहेत त्यांनी इथूनच सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. अर्धचंद्राकृती खाडी, पांढरी वाळू, पाणी इतकं नितळ की छातीएवढ्या पाण्यात उभं राहून आपल्या पायाची नखं दिसतात. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर बुडालेली जुनी जहाजं आहेत, त्यातलं बर्विन नावाचं एक १९१९ सालचं, आता त्यावर प्रवाळ आणि माशांचे थवे. स्नॉर्कलिंगला नेणाऱ्या छोट्या बोटी असतात, आम्ही लाइफ जॅकेट घालूनच उतरायचं या अटीवर गेलो. लेकीच्या अगदी खालून एक समुद्री कासव गेलं, वर आली तेव्हा तिला बोलताच येईना.

इथे एक गोष्ट मला खटकली. काही बोटवाले कासवांना माशांचे तुकडे टाकून जवळ बोलावतात. त्याने कासवांना सवय लागते, ती माणसांच्या हाताला तोंड घालायला लागतात, आणि बोटींच्या पंख्याजवळही येतात. आपण खायला घालू नका म्हटलं तर घालत नाहीत, आम्ही म्हटलं आणि कासवं तरीही दिसली.

दुसरं म्हणजे जेट स्की. वाळूत बसलात की कोणीतरी येऊन विचारणारच, फिरवून आणू का. माणसं हसरी असतात, नको म्हटलं की जातात. पण पाण्यात असताना बोयांच्या, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांच्या, ओळीच्या आतच राहा, पलीकडे बोटी आणि जेट स्की वेगात जातात आणि पाण्यातलं डोकं चालवणाऱ्याला लांबून दिसत नाही. लेकीला मी भगव्या रंगाचा स्विमिंग टॉप घेतला होता तो याचसाठी, निळा-पांढरा पाण्यात हरवतो.

दुपारी रस्त्यावरच्या गाडीवर फिश केक खाल्ले, म्हणजे खारवलेल्या माशाची भजीच, गरम गरम. पावात दोन घालून देतात आणि त्याला नावच ब्रेड अँड टू. वर पिवळा पेपर सॉस, मोहरी आणि तिथल्या जहाल मिरचीचा. आईने सॉसची बाटली विकत घेतली.

बुधवार

बसने बाथशेबाला गेलो, पूर्व किनारा. सरकारी बसचं तिकीट कुठूनही कुठेही साडेतीन बार्बाडोस डॉलर, म्हणजे पावणेदोन अमेरिकन डॉलर, दोनाला एक असा ठरलेला हिशोब आहे. बस उसाच्या शेतांमधून वर चढते आणि एका वळणावर एकदम खाली अटलांटिक दिसतो. सगळी बस गप्प झाल्यासारखं वाटलं मला, कदाचित मीच गप्प झाले असेन.

पाण्यात मोठाले खडक उभे आहेत, खालून लाटांनी कुरतडलेले, अळंब्यांसारखे. लाटा एकामागून एक, थांबणं नाहीच. इथला सूप बोल नावाचा भाग जगभरच्या सर्फर लोकांना माहीत आहे, आणि सर्फर पोरं पाण्यात होती ती बघून नवऱ्याला वाटलं आपणही कंबरेपर्यंत जाऊ. नवरा सांगलीचा, कृष्णेत पोहून मोठा झालेला, पुराच्या पाण्याला न घाबरणारा. किनाऱ्यावर शहाळी विकणारा एक माणूस होता त्याने कोयता खाली ठेवला आणि उठून आला. म्हणाला, ती पोरं इथेच जन्मली, त्यांना प्रत्येक खडक पाठ आहे, त्यांच्या पायाला बोर्ड बांधलाय, तुमच्या पायाला काय आहे? नवरा मागे फिरला. बाथशेबात पोहायचं नसतं, बघायचं असतं. भिजायचंच असेल तर ओहोटीला खडकांमध्ये पाणी साठून डबकी तयार होतात, त्यात बसता येतं, आम्ही दोन तास बसलो. तिथेही पायात रबरी बूट हवेत, कारण खडकांच्या फटीत काळे लांब काट्यांचे सी अर्चिन असतात, साळिंदराची पिल्लं म्हणा हवं तर. स्थानिक त्यांना कॉबलर म्हणतात. काटा पायात मोडला की निघता निघत नाही.

एक गोष्ट मला इथे कळली. मी रत्नागिरीची, समुद्र म्हणजे भरती-ओहोटीचं गणित हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं, उधाण कधी, पुळण किती उघडी पडणार, त्यावर पाण्यात जायचं की नाही ठरायचं. बार्बाडोसला भरती-ओहोटीतला फरक जेमतेम एक मीटर, दिवसभर पाणी जवळपास तिथेच दिसतं. त्यामुळे आपल्याला वाटतं समुद्र स्थिर आहे. पण इथला धोका वर-खाली होणाऱ्या पाण्याचा नाहीच, तो लाटांचा आणि आडव्या-उभ्या प्रवाहांचा. आमचं घरचं शहाणपण इथे लागू पडत नव्हतं आणि ते कळायला मला शुक्रवार उजाडावा लागला.

किनाऱ्यावर एका बाजूला तपकिरी शेवाळाचा ढीग कुजत पडला होता, सारगॅसम, कुजलेल्या अंड्यासारखा वास. २०११ पासून ते या बेटांवर मोठ्या प्रमाणात यायला लागलंय, साधारण मार्च ते ऑगस्ट जास्त आणि पूर्वेला जास्त. दम्याचा त्रास असेल तर त्या ढिगांजवळ बसू नका.

गुरुवार

पश्चिम किनारा, होलटाउनच्या बाजूला. सकाळ इतकी शांत होती की पाणी हलतंय हे कळण्यासाठी बघत राहावं लागत होतं. अकराच्या सुमारास एकदम ढग आले आणि टपोरा पाऊस. आई आपली पिशवी उचलून सरळ जवळच्या झाडाखाली गेली, छान गर्द झाड, चकचकीत पानं, खाली लहान हिरवी सफरचंदासारखी फळं पडलेली. आणि मागून कापड विकणाऱ्या एक बाई ओरडत पळत आल्या, आईचा दंड धरून तिला ओढून पावसात आणलं. मला आधी रागच आला. मग त्यांनी झाडाच्या खोडावरचा लाल पट्टा दाखवला.

मँचिनील. या झाडाचा चीक अंगाला लागला तर फोड येतात, फळ खाल्लं तर तोंड-घसा भाजून निघतो, आणि पावसात याच्याखाली उभं राहिलं तर पानांवरून ठिबकणारं पाणीसुद्धा पुरतं. लाकूड जाळलं तर धुरानेही डोळ्यांना इजा होते. स्पॅनिश लोकांनी फळाला मृत्यूचं छोटं सफरचंद असं नाव ठेवलं होतं. आईच्या मनगटावर दोनतीन थेंब पडले होते, लगेच साबण आणि गोड्या पाण्याने धुतलं, तरी संध्याकाळी तिथे लाल झालं आणि बारीक पुरळ आलं, बिब्बा उतल्यासारखं. दोन दिवसांत बरं झालं. आई म्हणाली आपल्याकडे शेराचा चीक असतो तसंच हे. कुळ एकच आहे, मी नंतर बघितलं, शेर, एरंड आणि हे झाड एकाच कुळातलं.

ही झाडं तोडत नाहीत कारण त्यांची मुळं वाळू धरून ठेवतात. बऱ्याच ठिकाणी लाल पट्टा किंवा पाटी असते पण प्रत्येक झाडावर असेलच असं नाही. मुलांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, बीचवरचं कुठलंही फळ उचलायचं नाही आणि पाऊस आला तर झाडाखाली नाही, सरळ दुकानात पळायचं.

त्या बाईंकडून आईने एक ओढणीसारखं कापड घेतलं. त्यांनी पैसे कमी केले, आईने कमी केलेले परत दिले, बराच वेळ ते चाललं.

शुक्रवार

हा दिवस मला लिहायला जड जातोय.

सकाळी आम्ही दक्षिण किनाऱ्यावरच्या मोठ्या बीचवर गेलो, रॉकली, त्यालाच अ‍ॅक्रा पण म्हणतात. लाइफगार्डची केबिन आहे, झेंडे लावलेले असतात, शेजारून समुद्राच्या कडेने दीडेक किलोमीटरचा लाकडी चालायचा रस्ता आहे, एकूण व्यवस्था चांगली. केबिनसमोर गर्दी होती आणि लाटा फुटत होत्या, म्हणून नवरा शंभरेक पावलं पुढे गेला. तिथे एक पट्टा होता जिथे लाटाच फुटत नव्हत्या, दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मध्ये गुळगुळीत, जरा गडद पाणी. तो म्हणाला इथे शांत आहे, मी बघून येतो मग तिला आणतो. मी हो म्हटलं. मलाही ते शांतच वाटलं होतं.

तो शांत पट्टा हाच धोका होता. लाटा किनाऱ्याकडे पाणी लोटत असतात, ते पाणी परत जायला वाट शोधतं, आणि जिथे तळ थोडा खोल असतो तिथून ते नदीसारखं बाहेर वाहतं. तिथे पाणी खोल असल्याने आणि बाहेर वाहत असल्याने लाटा फुटत नाहीत. म्हणून नवख्या माणसाला तीच जागा सगळ्यात सुरक्षित दिसते. यालाच रिप करंट म्हणतात. जोरात असला तर सेकंदाला दोन मीटरच्या वर वेग असू शकतो, त्यापुढे ऑलिंपिकवाल्या पोहणाऱ्याचंही चालत नाही.

नवरा छातीएवढ्या पाण्यात होता आणि मी पिशवीतून टॉवेल काढून वर बघितलं तर तो एवढा लांब. आधी वाटलं मजेत गेलाय. मग दिसलं की तो किनाऱ्याकडे तोंड करून जीव तोडून हात मारतोय आणि तिथेच आहे, उलट मागे जातोय. लेक म्हणाली, आई, बाबा जवळ का येत नाहीये. मी ओरडले, पण आवाज वाऱ्यात कुठे पोचणार. आईने मात्र ओढणी हातात घेतली आणि त्या वयात वाळूतून केबिनकडे पळत सुटली.

लाइफगार्डने त्याला आधीच बघितलं होतं. शिट्टी वाजत होती, एक जण दोन्ही हात आडवे करून बाजूला, बाजूला असं दाखवत होता, आणि दुसरा लाल फ्लोट घेऊन पाण्यात पळाला. तो सरळ नवऱ्याच्या दिशेने पोहलाच नाही, त्या गुळगुळीत पट्ट्यातच शिरला, त्याच प्रवाहाने दहा-पंधरा सेकंदात त्याला नवऱ्याजवळ नेऊन सोडलं. त्याने फ्लोट दिला, दोघं थोडा वेळ नुसते तरंगले, मग किनाऱ्याला समांतर गेले जिथे लाटा फुटत होत्या, आणि त्याच लाटांनी त्यांना आत आणलं. सगळं मिळून पाच मिनिटं असेल. मी लेकीचा हात इतका घट्ट धरला होता की तिच्या हातावर माझ्या बोटांचे वळ होते.

नवरा वाळूत बसून बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, नदीत मला माहीत असतं प्रवाह कुठून कुठे जातो, काठ दोन्ही बाजूंना असतो, तिरकं गेलं की काठ येतो. इथे काठ समोर दिसत होता म्हणून मी समोरच गेलो. लाइफगार्ड पंचविशीचा मुलगा असेल, तो त्याच्याशेजारी उकिडवा बसून शांतपणे बोलला, रागावला अजिबात नाही. म्हणाला, ज्यांना पोहता येत नाही ते गुडघाभर पाण्यात असतात, मला बाहेर काढावे लागतात ते पोहता येणारेच. प्रवाह माणसाला खाली ओढत नाही, बाहेर नेतो, आणि बहुतेक वेळा लाटा फुटतात त्या रेषेपलीकडे त्याचा जोर संपतो. माणूस बुडतो तो दमल्यामुळे. म्हणून आधी पाठीवर तरंगायचं, श्वास घ्यायचा, एक हात वर करून हलवायचा, आणि ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून प्रवाहाबाहेर पडायचं, मगच किनाऱ्याकडे वळायचं. आणि किनाऱ्यावरच्या माणसाने काय करायचं, तर त्याच्या मागोमाग पाण्यात उडी मारायची नाही. तरंगणारी काही वस्तू फेकायची, बोट दाखवत राहायचं आणि मदत बोलवायची. मी नेमकी बूट काढून पाण्याकडे निघाले होते.

जाणाऱ्यांसाठी लिहून ठेवते. लाल झेंडा म्हणजे पाण्यात उतरायचंच नाही, पिवळा म्हणजे जपून, लाल-पिवळा म्हणजे इथे लाइफगार्ड लक्ष ठेवून आहे, याच भागात पोहा. झेंडा नाही म्हणजे सुरक्षित असा अर्थ होत नाही. सगळ्या बीचवर लाइफगार्ड नसतात आणि संध्याकाळी ते निघून जातात, नोव्हेंबरात साडेपाचलाच सूर्य बुडतो. बार्बाडोसमध्ये अँब्युलन्सचा नंबर ५११, पोलिस २११, फायर ब्रिगेड ३११, फोनमध्ये उतरल्या उतरल्या टाका, आपल्याला ऐनवेळी ९११ किंवा ११२ च आठवतो. आणि दारू पिऊन पाण्यात नाही, रम पंच सरबतासारखा लागतो पण सरबत नसतो.

संध्याकाळी ऑइस्टिन्सला जायचं ठरलं होतं, दर शुक्रवारी तिथे मासळीचा मोठा बाजार-जेवण असतं. जायचं की नाही यावर आम्ही दोघं गप्प होतो, आई म्हणाली चला, उपाशी बसून काय होणार. धूर, गाणी, लांब बाकं, डॉमिनो आपटणारी म्हातारी माणसं. मेन्यूवर डॉल्फिन लिहिलेलं बघून लेक रडायच्या बेतात, तर तो माहीमाही मासा, इथे त्याला डॉल्फिन म्हणतात, खरा डॉल्फिन नाही. आम्ही उडता मासा आणि कू-कू खाल्लं. कू-कू म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड आणि त्यात चक्क भेंडी. नवऱ्याने सगळं ताट संपवलं आणि मग त्याचा हात थरथरायला लागला, जेवण झाल्यावर. मी धरून बसले.

शनिवार

३० नोव्हेंबर, त्यांचा स्वातंत्र्यदिन, जिकडेतिकडे निळे-पिवळे झेंडे आणि मध्ये काळा त्रिशूळ. मालकीणबाईंनी सकाळी केळीच्या पानात गुंडाळलेले काँकी दिले, मक्याचं पीठ, भोपळा, नारळ आणि बेदाणे, वाफवलेले. आईने पान उघडलं, वास घेतला आणि म्हणाली, ही तर पानगीची बहीण.

विमान दुपारचं होतं. आधी केन्सिंग्टन ओव्हलला, म्हणजे वर्ल्ड कपची फायनल झाली त्या मैदानाला, बाहेरून जाऊन आलो, वेस्ट इंडीजच्या गॅरी सोबर्सचा पुतळा आहे तिथे. नवऱ्याला लाँग ऑफची बाजू शोधायची होती, सूर्यकुमार यादवने फायनलमध्ये तो कॅच घेतला ती. १९७१ ला याच मैदानावर दिलीप सरदेसाईंनी १५० आणि गावसकरांनी नाबाद ११७ केले होते हे त्याने लेकीला सांगितलं, पहिल्यांदाच नीट बोलला आदल्या दिवसापासून.

मग पुन्हा कार्लाइल बे. नवरा सामान ठेवून आधी लाइफगार्डकडे गेला, आज कुठे, असं विचारलं, त्याने हाताने एक पट्टा दाखवला, आम्ही तिथेच उतरलो. लेकीने ठरवलं होतं की आजीला तरंगायला शिकवायचं. माझी आई अठ्ठावन्न वर्षं समुद्राकाठी राहिली पण गुडघ्याच्या वर कधी पाण्यात गेली नव्हती. पंजाबी ड्रेस घालून ती पाण्यात उतरली, लेकीने मानेखाली हात दिला, मी पाठीखाली. कान पाण्यात जाऊ दे आजी, पोट वर, वर बघ. पाचसहा वेळा ती घाबरून उठून बसली. मग एकदा नाही उठली. डोळे मिटून पडून राहिली, ड्रेस भोवती पसरलेला, आम्ही दोघींनी हात काढले तेही तिला कळलं नाही.

बाहेर येऊन टॉवेल गुंडाळत म्हणाली, रत्नागिरीला गेल्यावर भाट्याच्या किनाऱ्यावर करून बघेन. नको गं आई, तिथे नको, मी म्हटलं, आधी कोणाला तरी विचारल्याशिवाय नाही. तर म्हणाली, बरं, पण तिथे मी विचारायचं कोणाला?

मला पटकन नाव सुचलं नाही. नवरा टॅक्सी आली म्हणून हाका मारत होता.